बारा कवडसे आणि एक श्वास

आजोबांच्या सदऱ्याचे दुसरे बटण मिनिटाला सात वेळा वर येत होते. केतकीने घड्याळ लावून दोनदा मोजले. दवाखान्यात समोरच्या बाकावर बसलेल्या बाईंचा पदर मिनिटात सोळा वेळा हलला, तिचा स्वतःचा फ्रॉक अठरा वेळा. आजोबांचे बटण मात्र सातच वेळा, आणि दर खेपेला चांगले बोटभर वर.

यामागचे कारण तिला ठाऊक होते. तिचे आजोबा, सोपानराव गुरव, पन्नास वर्षे गावच्या देवळात सनई वाजवत आले होते. माघातल्या जत्रेत पालखी चौथऱ्यावरून उचलली की ती देवळाचा उंबरा ओलांडेपर्यंत सनईचा सूर तुटू द्यायचा नाही, अशी त्यांच्या गावची रीत. अशा माणसाचा श्वास खोल आणि सावकाशच असणार.

केतकीला सुटत नव्हते ते कोडे निराळे होते. आजोबांच्या उजव्या फुप्फुसात बोराएवढे अर्बुद (पेशींची विनाकारण वाढलेली गाठ) सापडले होते. यंत्रमानव शरीराबाहेरून किरण सोडून ते निकामी करणार होता. पण श्वासाबरोबर फुप्फुस हलते. म्हणजे गाठही बोटभर वरखाली होणार. हलत्या बोरावर नेम धरायचा कसा?

गाठ सापडली श्रावणात. आता मार्गशीर्ष लागला होता. उपचारांचे विचारले की आजोबा प्रत्येक वेळी "बघू" म्हणत. खरे कारण त्यांनी एकट्या केतकीला सांगितले होते. "गाठ जाईल गं. पण तिच्यासंगं माझा दमसासच गेला तर?"

"आज काही ठरवायचं नाही, काका," डॉ. निलोफर मुजावर दार उघडत म्हणाल्या. "आज फक्त ओळख करून घ्यायची. ही शलाका."

शलाका म्हणजेच तो यंत्रमानव, सहा सांध्यांचा एक उंच पांढरा हात होता. त्याच्या टोकाला घागरीएवढे डोके होते.

"या सोपानराव, ये केतकी," शलाका म्हणाली.

"आवाज बरा आहे की," आजोबा म्हणाले. "पेटीच्या काळी दोन पट्टीत बोलते. जरा उतरलीय, पण चालेल."

"दुरुस्त करते," शलाका म्हणाली आणि पुढचे वाक्य खरोखरच किंचित चढ्या सुरात बोलली. आजोबा हसले. गेल्या चार महिन्यांत केतकीने हे हसू फारसे पाहिले नव्हते.

शलाकाने आधी सगळ्यांना शेजारच्या गच्चीत पाठवले. तिथे उन्हात एका तारेवर मेणाचा काळा मणी लावला होता आणि भोवती गोलाकार बारा छोटे आरसे उभे होते. अकरा आरशांवर फडकी होती. उघड्या आरशाचा कवडसा मण्यावर पडला होता.

"केतकी, या कवडशाच्या वाटेत हात धर," आतून शलाकाचा आवाज आला.

"कोमट लागतंय."

"मण्याचं काय झालं?"

"काहीच नाही."

"आता एकेक फडकं काढ."

केतकीने फडकी काढली. सातव्या आरशाला मणी चकाकू लागला, दहाव्याला मऊ पडला आणि बारावे फडके निघाल्यावर थोड्या वेळाने त्याचा थेंब होऊन खाली पडला. तिने पुन्हा एकेका कवडशात हात धरून पाहिला. प्रत्येक कवडसा कोमटच होता.

"म्हणजे प्रत्येक वाट सौम्य," ती हळूहळू म्हणाली, "आणि सगळ्या वाटा जिथे भेटतात तिथेच जोर!"

"बरोबर. फक्त उपचारात आरसे नसतात. मी एकटीच शंभराहून जास्त जागांवरून पाळीपाळीने तुझ्या आजोबांच्या गाठीवर बारीक किरण सोडते. आणि गाठ वितळत नाही. किरण तिच्या पेशींमधला डीएनए (पेशीने कसं वाढायचं हे सांगणारा सूचनांचा धागा) तोडतात. मग त्या पेशी वाढू शकत नाहीत आणि हळूहळू मरतात."

"म्हणजे झटक्यात नाही?" आजोबांनी विचारले.

"नाही," डॉ. मुजावर म्हणाल्या. "तीन वेळा यायचं, एक दिवस आड करून. दर वेळी साधारण पाऊण तास. जेवून या, तुमचेच सैल कपडे घाला. किरण दिसत नाहीत, दुखत नाहीत. त्याच दिवशी घरी. नंतर काही दिवस थकवा येईल, कदाचित खोकला. गाठ आकसली का, ते तीन महिन्यांनी तपासायचं. आणि किरण सुरू करण्याआधी एक दिवस येऊन गाठीजवळ सोन्याचा दाणा बसवून घ्यायचा, तांदळापेक्षा बारीक. क्ष-किरणांत तो स्पष्ट दिसतो आणि शलाकाला गाठ कुठे आहे ते कळतं."

"सोनं आणि आत? हिची आजी असती तर म्हणाली असती, वर घाला, चारचौघांत दिसेल तरी."

डॉक्टरही हसल्या. मग आजोबांनी अंगात एक घट्ट बंडी घातली. तिच्यावर तीन लाल दिवे होते आणि ते छातीबरोबर वरखाली होत. आजोबा पाटासारख्या सपाट पलंगावर आडवे झाले.

"आज किरण बंद आहेत, म्हणून केतकी इथे थांबू शकते. ही नुसती तालीम," डॉक्टर म्हणाल्या. "खऱ्या वेळी तुम्ही खोलीत एकटे असाल. पण मी तुम्हाला पडद्यावर बघत असेन, बोललात की ऐकत असेन. हलू नका."

काही मिनिटे शलाकाने आजोबांचा श्वास नुसता पाहिला. मग तिच्या डोक्यावर हिरवा दिवा लागला आणि हात संथपणे वर उचलला गेला.

त्याच क्षणी दिवा विझला. हात जागच्या जागी थबकला.

"बिघडलं वाटतं," केतकी पुटपुटली. मग तिचे लक्ष बंडीच्या दिव्यांकडे गेले. तिन्ही दिवे स्थिर होते आणि आजोबांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"आजोबा! श्वास घ्या की!"

भस्सकन श्वास सोडून आजोबा ओशाळले. "माझंच चुकलं. पालखी उचलली की दम धरायचा, पन्नास वर्षांची सवय. हिचा हात उचलला आणि मी धरला! तुमचा खोळंबा झाला."

"खोळंबा नाही," शलाका म्हणाली. "मी ओळखलेला श्वास दिसेना, म्हणून मी थांबले. किरण चालू असते तर बंद केले असते. मला घाई नसते. तुम्ही रोज घेता तसा श्वास घ्या."

आजोबांनी श्वास घेतला. हिरवा दिवा लागला. आणि केतकीला तिच्या कोड्याचे उत्तर डोळ्यांसमोर दिसले. आजोबांची छाती बोटभर वर आली, शलाकाचे डोके तेवढेच सरकले. छाती खाली गेली, तेही खाली. हलत्या बोरावर नेम धरायचा तर बोराबरोबर आपणही हलायचे!

आजोबांनाही ते जाणवले. खोडी म्हणून त्यांनी श्वास थोडा लांबवला. शलाकाही तेवढीच रेंगाळली. त्यांनी मुद्दाम खोकून पाहिले. दिवा विझला आणि श्वास सुरळीत झाल्यावर पुन्हा लागला.

"आमचा येसू संबळवाला असाच होता," आजोबा छताकडे पाहत म्हणाले. "मी थांबलो की थांबायचा, मी उचललं की उचलायचा. कधी माझ्या पुढं पळाला नाही. हिला साथ करता येते, डॉक्टर."

ते उठून बसले.

"एकच विचारतो. माझा दमसास?"

डॉ. मुजावर त्यांच्या शेजारी बसल्या. "गाठीभोवतीच्या थोड्या फुप्फुसाला झळ लागू शकते. बाकीचं वाचावं म्हणून तर एवढ्या वाटा. आधी आणि नंतर तुमचा श्वास मोजू. पण जत्रेत सूर उंबऱ्यापर्यंत पुरेल, असं वचन मी देणार नाही. गाठ वाढत राहिली, तर मात्र दमसास नक्की कमी होत जाईल."

आजोबांनी केतकीकडे पाहिले. दोन वर्षे ती रोज सकाळी त्यांच्याजवळ बसून सनई शिकत होती. गाल भरून ठेवून नाकाने श्वास घ्यायची युक्ती तिला याच दिवाळीत जमली होती.

"सूर तुटायचा नाही, एवढीच रीत आहे," ते म्हणाले. "तो एकाच्याच तोंडून यायला हवा, असं कोणी म्हटलंय? काय गं, माझा कमी पडला तर धरशील?"

"धरेन," केतकी म्हणाली. तिचे हृदय धडधडत होते. मिनिटाला किती वेळा, ते तिने मोजले नाही.

आजोबांनी बंडी काढून नीट घडी घातली आणि डॉक्टरांच्या हाती दिली.

"तारीख लिहा, डॉक्टर. येत्या सोमवारी येतो, दाणा बसवून घ्यायला."