नववा बाण

सांगतो ते खरं आहे. पटलं तर पटलं, नाय तर सोडून द्या.

माझा साडू प्रविण, घोलवडला चिकूच्या वाडीत पेट्या भरायला जातो. दारू पीत नाय. खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात. हे मला सांगत होता तेव्हा कान लाल नव्हते... ओठ पांढरे होते.

२०१७ साल, फेब्रुवारीतला रविवार. आणि रात्र नाय बरं का. सकाळचे अकरा, लख्ख ऊन. जागा डहाणू गाव. स्टेशनकडचं नाय, खाडीकडचं जुनं डहाणू.

प्रविणचा मोठा भाऊ विनोद पेंटर होता. दुकानांच्या पाट्या, रिक्षांवरची नावं, सगळं करायचा. शिडीवरून पडला तेव्हापासून डावा पाय ओढत चालायचा.

टप... घस्स. टप... घस्स.

लांबून कळायचं, विनोद येतोय. त्याची पोरगी रविना, पाच वर्षांची. तो आवाज आला की हातातला घास टाकून दारात पळायची.

त्या हिवाळ्यात गावातल्या हौशी मंडळींनी एक टूम काढली. बाहेरून पाहुणे येतात, त्यांनी जुनं गाव आपलं आपण फिरून बघावं. गाईड नको, कोणाला विचारणं नको. एक पिवळा कागद छापला, त्यावर नऊ ठिकाणं. खाडीच्या धक्क्यावर सुरुवात, बाजाराच्या चौकात शेवट. धक्क्यावर गाड्या लावायला जागा आहे ना, म्हणून सुरुवात तिथून. प्रत्येक ठिकाणी भिंतीवर नंबर आणि लाल बाण. बाण बघायचा, कागद वाचायचा, पुढे चालायचं.

बाण काढायचं काम विनोदला मिळालं.

त्याच्या बाणाची एक खूण होती. शेपटीला वळसा द्यायचा, विंचवाच्या नांगीसारखा. "ही माझी सही," म्हणायचा.

आठ बाण काढले आणि कावीळ झाली. पंधरा दिवसांत माणूस हळदीसारखा पिवळा. शेवटी शेवटी दवाखान्यात प्रविणचा हात धरून एकच बोलत होता.

"पव्या, नववा राहिला रे... नववा राहिला."

गेला.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला. झाडावर कावळे भरलेले, पण एकही खाली उतरेना. तास झाला. ऊन चढलं.

विनोदची बायको पुष्पा हात जोडून म्हणाली, "पोरीला शिकवीन मी, काळजी करू नका."

कावळा ढिम्म.

प्रविण म्हणाला, "दादा, दोघींना मी सांभाळीन."

तरी नाय.

मग प्रविणला आठवलं. तो म्हणाला, "दादा, तुझा नववा बाण मी काढून देतो."

बोलणं संपतंय न संपतंय... तोच कावळा पिंडावर.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कोणीतरी बोललं पण, "बघा, मेला तरी कामाचीच काळजी." पुष्पा रडता रडता हसली.

आता सांगतो तुम्हाला. तिथे चाळीस माणसं होती. एकाच्याही डोक्यात आलं नाय, की बाबांनो, हे बाण निघतात कुठून आणि जातात कुठे, जरा बघा तरी.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, प्रविण धक्क्यावर गेला. एका हातात भावाचा लाल रंगाचा डबा, पाव लिटरचा, आणि ब्रश. दुसऱ्या हातात पिवळा कागद. नववी जागा, चौकाच्या अलीकडची, त्याच्या घराच्याच गल्लीच्या तोंडावर होती, सरळ तिकडे गेला असता तर चाललं असतं. पण त्याला वाटलं, दादाचं शेवटचं काम आहे, पहिल्यापासून बघत जाऊ.

एक नंबर. धक्का. कागदावर लिहिलेलं, "मागे वळून पाहा. खाडी आणि होड्या एका नजरेत दिसतील."

त्याने वळून बघितलं.

होड्या दिसल्या. आणि होड्यांच्या अलीकडे, धक्क्याला लागून... मसण. विनोदला जाळला ती काळी जागा, अजून ओली राख.

मसणातून निघताना मागे बघत नाहीत, हे आपल्याकडे पोरांनाही माहीत. मग त्याने स्वतःची समजूत घातली. मी मसणातून थोडाच निघालोय... मी धक्क्यावरून निघालोय.

चालायला लागला.

दोन नंबर. किल्ल्याची भिंत. "इथे दोन मिनिटं थांबा. दगड निरखून पाहा."

थांबला. आणि त्याच्या मागे...

टप... घस्स.

तेवढंच. मग तेही थांबलं.

झटकन वळला. रस्ता रिकामा. एक कुत्रं सावलीत झोपलेलं. ते उठलं, प्रविणच्या मागे कुठेतरी बघितलं आणि शेपूट पायात घालून निघून गेलं.

तीन नंबर, जुनी विहीर. तिथे फोन वाजला. पुष्पा.

"भावजी, कुठे आहात? रविनाचं अंग गरम लागतंय. सकाळी बरी होती हो. येताना तापाचं औषध आणा."

"आणतो वहिनी. आलोच."

पाय उचलला. मागच्याचाही पाय उचलला गेला... टप... घस्स.

चार नंबर, जुन्या इराणी बंगल्याचा ओटा. आवाज जवळ आला होता. प्रविण पळाला नाय. भाऊच तो. ज्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघितली त्याला घाबरायचं तरी कसं?

पाच नंबर. पिंपळाचा पार. पारावर हिरू आबा बसलेला, बिडी ओढत. गावातली एकही मयत या म्हाताऱ्याशिवाय निघत नाय.

"काय रे पव्या, पेंटर कधीपासून झालास? पाटीवर 'चिकू' लिहिशील ते तरी नीट लिही."

"आबा, दादाचा एक बाण राहिलाय. काढून देतो बोललोय त्याला."

हिरू आबाने कागद मागितला. वाचता येत नव्हतं त्याला, पण वर नकाशा होता. त्यावर बोट फिरवलं. बोट धक्क्यापासून निघालं आणि पिंपळावर येऊन थांबलं. बिडी हातात विझली.

"पव्या... तू उभा आहेस तिथे खाली बघ."

पायाजवळ एक चपटा दगड होता.

"विन्याला खाली ठेवला तो विसावा इथेच ना? खांदेकरी बदलले, दगड ठेवला. तू पुढच्या उजव्या बाजूला होतास."

विसावा म्हणजे, मयत नेताना अर्ध्या वाटेत तिरडी खाली टेकवतात, पुढचे खांदेकरी मागे जातात, आणि तिथे एक दगड ठेवून पुढे निघतात. परत त्या वाटेने कोणी त्याला आणत नाय.

"हो आबा. इथेच."

"आणि तू आता येतोस कुठून?"

प्रविणने हात वर करून धक्क्याकडे दाखवलं.

"तीच वाट आहे रे ही. उलटी. मसणातून घरापर्यंत. आणि भिंतीभिंतीवर बाण काढून ठेवलेत, इकडे ये, इकडे ये..." म्हातारा उठून उभा राहिला. "गेलेला माणूस घरी आला, तर हात हलवत परत जात नाय, पव्या. कोणात जीव होता त्याचा?"

त्याच वेळेला फोन वाजला.

"भावजी, ताप भडकलाय! डोळे उघडत नाय पोरगी. झोपेत बडबडते... बाबा पिंपळाजवळ आला, म्हणते."

आता तुम्हीच सांगा, त्याने काय करावं? प्रविणची बायको बाळंतपणाला माहेरी, घरात दुसरं कोणी नाय. पोरीला उचलून डॉक्टरकडे न्यायला हाच एक माणूस. आणि हा घराकडे पाऊल टाकतो, तर मागचाही टाकतो.

तो पळाला. बाण सोडून मासळीच्या बोळातून पळाला. मागे आवाज पण पळाला. टपघस्स, टपघस्स, टपघस्स... सहा, सात, आठ, एकही नंबर त्याने वाटेत घेतला नाय. गल्लीच्या तोंडावर येऊन थांबला. तिथून घराचं दार तीस पावलांवर.

आवाज पण थांबला. अगदी पाठीशी. टर्पेंटाईनचा वास आला. विनोदच्या अंगाला यायचा तो.

समोर कोरी भिंत. नऊ नंबरची.

हातात डबा आहे, पळताना सांडला कसा नाय, देव जाणे. झाकण उघडं. ब्रश रंगात बुडालेला. प्रविण मला म्हणाला, "भाऊ, मी बुडवला नव्हता."

त्याला वाटलं, शब्द दिलाय. काढून टाकू. कदाचित एवढंच हवं असेल. बाण झाला की जाईल.

त्याने भिंतीला ब्रश टेकवला. एक वीतभर रेघ ओढली.

आणि घरातून पुष्पाची किंकाळी.

"भावजी! रविना ताठ झाली! डोळे फिरवते!"

ब्रश थांबला. किंकाळी थांबली. तीस पावलांवर पोरगी, आणि ह्याला जाता येईना. तिथे उभं राहूनच ओरडला, "वहिनी, शेजारच्या बायजीकाकीला हाक मारा! रिक्षा बोलवा! मी... मी येऊ शकत नाय!"

"येऊ शकत नाय म्हणजे? समोर तर उभे आहात!"



तो वळला. घराकडे पाठ केली आणि बाणांच्या वाटेने उलटा निघाला. आठ. सात. सहा. आवाज मागे होता, पण आता पाय जड झालेले. टप... घस्स... बराच वेळ काही नाय... टप... बाजारातून पोराला ओढून न्यावं तसं.

प्रविण चालता चालता बोलत होता. "चल दादा. चल. धक्क्यापर्यंत सोडतो तुला. मी आहे ना सोबत." लोक बघत होते. त्यांना वाटलं, भाऊ गेल्याने याचं डोकं फिरलंय.

पिंपळापाशी आला. फोन वाजला. बायजीकाकी बोलत होती.

"घाम आला रे पोरीला. उतरला ताप. पाणी मागते."

प्रविण मटकन पारावर बसला. मग उठला, धक्क्याकडे चार पावलं टाकली, कान दिला.

काही नाय.

परत आला. परत चार पावलं टाकली. काही नाय. विसाव्याच्या दगडापुढे तो यायलाच तयार नव्हता.

"चल ना रे," प्रविण रडायला लागला. भर रस्त्यात, मोठा बाप्या. "तिथे जायचंय तुला. मी काय करू? मला नाय जमत तुझा बाण काढायला. काका आहे मी तिचा..."

आणि मग त्याने ते केलं, ज्याच्यासाठी तो आजही स्वतःला शिव्या घालतो.

डबा आणि ब्रश दगडावर ठेवला आणि बोलला, "हे घे. तुझा तू काढ."

पारावरून हिरू आबा ओरडला, "अरे, काय बोललास हे! माघारी घे!"

पण बोलून झालं होतं.

संध्याकाळी डोकं ताळ्यावर आलं तेव्हा प्रविण डबा आणायला धावला. दगडावर फक्त एक लाल गोल होता, डब्याच्या बुडाचा. हिरू आबा तिथेच बसून होता. म्हणाला, "मी डोळा मिटला नाय रे. होता होता... नव्हता."

सकाळी गल्लीच्या तोंडावर नववा बाण तयार. प्रविणची वीतभर रेघ तशीच ठेवून, त्यावरच काढलेला. शेपटीला वळसा. टोक चौकाकडे हवं होतं. ते गल्लीत वळलेलं.

त्याच सकाळी सहाच्या गाडीने प्रविण दोघींना घेऊन तलासरीला गेला, पुष्पाच्या माहेरी. आत डोंगराकडे पाडा आहे. पोरगी तिथे बरी झाली. आता दुसरीत आहे, चित्रं छान काढते, मला मामा म्हणते. प्रविण भिंतीला चुना लावू देत नाय तिथे. बायका भांडतात त्याच्याशी, सणाला तरी लावा म्हणून. तो ऐकत नाय. कोरी भिंत नको म्हणतो.

हौशी मंडळींनी ते फिरणं पुढे बंद केलं. बाणांवर पांढरा रंग मारला. ते झाकले गेले.

पण दहावा निघाला. त्यांच्या बंद घराच्या दारावर. टोक बाहेरच्या बाजूला.

अकरावा निघाला स्टेशनच्या रस्त्याला, एका कुंपणाच्या भिंतीवर. बारावा रेल्वेच्या पलीकडे. दोन्ही प्रविणने स्वतः खरवडले. टोकं पूर्वेकडे होती, तलासरीच्या बाजूला.

दोन वर्षं मग काही नाय. वाटलं, संपलं.

परवा, म्हणजे २०१९ च्या दिवाळीनंतर, मी टेम्पोत चिकू भरून आशागडवरून, तलासरीच्याच रस्त्याने, चाललो होतो. लघवीला उतरलो. मोरीच्या कठड्यावर... लाल बाण. शेपटीला विंचवाच्या नांगीसारखा वळसा.

बोट लावलं. बोट लाल झालं.

प्रविणला अजून सांगितलेलं नाय. सांगून तो काय करणार? आणखी लांब नेणार पोरीला? कुठे?

मी फक्त एक केलं. स्टेशनजवळ एक ओळखीचा पेंटर बसतो, त्याला सहज विचारलं, पाव लिटरच्या डब्यात असे बाण किती निघतात?

तो म्हणाला, "हात बसलेला असेल तर पन्नास आरामात."

आशागडचा तेरावा होता.