नेलपॉलिशच्या अकरा बाटल्या

"एक नेलपॉलिश द्या. लाल."

मी मान वर केली. कराडच्या चावडी चौकातल्या आमच्या बांगड्यांच्या दुकानात एकटा पुरुष येतो तो एक तर रस्ता चुकून, नाही तर बायकोच्या धाकानं. हा दोन्हींतला वाटेना. उंच, सावळा, शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर लावलेला आणि नजर माझ्याकडं सोडून सगळीकडं...

"कुठला लाल?" मी बाटल्या काचेवर मांडल्या. "हा डाळिंबी, हा कुंकवाचा, हा—"

"लवकर वाळणारा," तो म्हणाला. "रंगाचं एवढं काय न्हाई. पर एकदा लावला की हलला न्हाई पायजे. आन् कुणी हात लावला तर लगेच कळाय पायजे."

कुणी हात लावला तर! मी बघतच राहिले. कसला संशयी माणूस म्हणायचा हा!

"कुणासाठी?" गिऱ्हाइकाला असलं विचारायचं नसतं, हे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला शंभरदा बजावलं होतं. पण माझी जीभ माझं ऐकत नाही, तर अण्णांचं कुठलं ऐकणार?

"लागतं," एवढंच बोलून तो कानापर्यंत लाल झाला आणि बाटली घेऊन निघून गेला.

ही चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी एकवीस वर्षांची, अकरावी होऊन दुकानात बसलेली. महिन्याभरानं तो परत आला. परत लाल. पुढच्या महिन्यात पुन्हा. बाटली वाळलेली नाही ना हे बघायला मी झाकण उघडायची, तो उग्र वास दोघांच्या मधे पसरायचा, आणि दोघांची डोकी त्या एवढ्याशा बाटलीवर वाकायची. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मग आठवायचं, ही बाटली दुसऱ्या कुणासाठी तरी चाललीय.

शेजारी फुलांची पाटी घेऊन बसणाऱ्या रंगूबाईंनी सगळी माहिती काढली.

"लालासाहेब नाव हाय त्येचं. म्हसवडचा, तुमच्याच कासारांतला. कॉलेजात यंत्रं दुरुस्त करतोय. मलकापुरात खोली हाय, पर आत बसाय जागा न्हाई बघ. मिलिट्रीनं टाकलेली काट्यांची डबडी गोळा करतोय आन् सुट्टी मिळाली की उलगडून बसतोय."

"कासाराचं पोरगं आन् भंगार गोळा करतंय," अण्णांनी आतून शेरा मारला. अण्णांच्या लेखी जगात दोनच चांगल्या वस्तू, काच आणि लाख.

पुढच्या खेपेला मी विचारलंच. "कसली डबडी गोळा करताय म्हणं?"

"मीटर," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला. "रेडिओ बरोबर चालतोय का न्हाई ते तपासायची जुनी यंत्रं. तीस-पस्तीस वर्षांची. पुण्याच्या जुन्या बाजारात मिळत्यात, कवा भंगारवाल्याकडं."

"मग त्यांचं काय करता?"

"दुरुस्त करतो."

"आन् मग?"

"मग... बघत बसतो."

एवढ्या मायेनं म्हणाला, की मला त्या डबड्यांचाही राग आला.

"आमच्या दुकानात कुणी असं बघत बसत न्हाई," मी बोलून गेले.

त्यानं बाटली खिशात टाकली. "बसलं असतं की. पर बायकांची एवढी गर्दी... उभं कुठं ऱ्हायचं?" आणि पायऱ्या उतरून गेला.

त्या दिवशी मी अण्णांनी मागितलेल्या हिरव्या बांगड्यांऐवजी तीनदा निळ्या दिल्या.

दिवाळीच्या आधी मला त्याच्या अंगठ्याच्या नखावर लाल ठिपका दिसला. अस्सं! म्हणजे स्वतःच्या हातानं लावून देतो तिला. ती पाय पसरून बसत असणार आणि हा पठ्ठ्या एकेक बोट धरून... मला पुढचं चित्र बघवेना.

"मागची बाटली संपली?" मी विचारलं.

"संपली."

"एका महिन्यात? बोटं तरी किती हायेत?"

तो हसू दाबत होता. "मोजली न्हाईत. तीस-चाळीस असतील."

"माझी थट्टा करताय?"

"देवाशपथ न्हाई."

मी मुद्दाम फळीच्या मागची एक जुनी, दाटून गेलेली बाटली त्याच्या हातात दिली. लावू दे तिला, बसू दे खरवडत! दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला हा दारात हजर. "वाळलेली निघाली," म्हणाला, आणि चेहरा असा, जणू बक्षीस लागलं होतं. मी बदलून दिली. माझ्या रागाचा एवढासाही उपयोग झाला नाही.

आणि मग रंगूबाईंनी बॉम्ब टाकला. "दर ऐतवारी सांगलीला जातोय गं. गावभागात. माझी भाची ऱ्हाती तिथं, तिनं बघितलाय. एका पोरीच्या घरी जातोय. बाप वारलाय तिचा. पोरगी लय शिकलेली हाय म्हणं."

इतके दिवस माझा मत्सर नुसता हवेत होता. आता त्याला पत्ता मिळाला. रविवार उजाडला की मला पोळी गिळवेना. आत्ता एस.टी. सुटली असेल... आत्ता आष्टा आलं असेल... आत्ता तिनं दार उघडलं असेल. अण्णा विचारायचे, "पोट दुखतंय का तुझं?" मी म्हणायची, व्हय.

त्याच दिवसांत इस्लामपूरचं स्थळ आलं. पोरगा भांड्यांच्या दुकानातला. बघून गेला, पसंत म्हणून गेला. आई नसल्यामुळं अण्णा मला स्वतःच विचारायचे, आणि विचारताना खाली बघायचे.

"होकार कळवू का? तुझ्या मनात दुसरं काय असलं तर आत्ताच सांग."

मनात होतं. पण ज्याचं होतं तो दर रविवारी सांगलीला जात होता! "कळवा," मी म्हटलं. रागाच्या भरात माणूस स्वतःचं किती नुकसान करून घेऊ शकतं, याला काही मर्यादा नाही.

वैशाखात सांगलीच्या आत्याचा हात मुरगळला आणि नेमकी एका लग्नघरी चुडा भरायची तिची बारी. निरोप आला, तुम्ही या. अण्णा म्हणाले, "ऐतवारी जाऊ. येताना इस्लामपूरला उतरून शब्द देऊन टाकू."

लग्नघर गावभागात होतं. बांगड्यांची पेटी घेऊन मी मांडवात पाय टाकला, तर समोर सोप्यात बाह्या दुमडून, घाम पुसत, लालासाहेब!

त्याच्यापुढं एक भलंमोठं लोखंडी यंत्र उघडं पडलं होतं. मला बघून तो अर्धवट उठला, परत बसला. तेवढ्यात आतून नवरीच ओरडली, "लालासाहेब, आधी चहा घे, मग काय ते!"

नाव घेऊन. हक्कानं. लग्नाच्या आदल्या दिवशी.

नवरदेव आदल्या दिवशी नवरीच्या घरी कसा असेल, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मत्सराला कुठं पंचांग कळतं? मी नवरीसमोर बसले. सरोज तिचं नाव. तिनं हसून हात पुढं केला आणि मी तो असा दाबला, की बिचारीनं ओठ चावला. पहिली बांगडी वाढली. म्हणजे फुटली, पण आम्ही कासार तसं म्हणत नाही. दुसरी वाढली. तिसरीला मांडवातल्या म्हाताऱ्या बायका कुजबुजायला लागल्या आणि अण्णांनी माझ्याकडं बघितलं. सात वर्षांत माझ्या हातून नवरीची एक बांगडी वाढली नव्हती.

"माझा हात फार जाड आहे का?" सरोजनं हळूच विचारलं.

मी तिच्या बोटांकडं पाहिलं. नखं बारीक कापलेली, कोरी. रंगाचा थेंब नाही. तर्जनीवर भाजल्याचा एक जुना डाग.

"ते... नवरदेव का?" मी सोप्याकडं मान करून विचारलं.

"कोण, लालासाहेब?" ती एवढ्यानं हसली की हळदीच्या बायका वळून बघायला लागल्या. "अहो, आमचे हे मिरजेचे. उद्या येतील घोड्यावर. हा माझ्या वडिलांचा ऑसिलोस्कोप, म्हणजे ते रेडिओ तपासायचं यंत्र, न्यायला आलाय. वडील रेडिओ दुरुस्त करायचे. जाताना सांगून गेले, हे भंगारात घालू नका, जो चालू करून दाखवील त्यालाच द्या. हा वर्षभर दर रविवारी येऊन बसला. आज चालू झालं बघा."

मी मागं वळून बघितलं. यंत्राच्या गोल काचेवर हिरव्या उजेडाची एक रेघ वरखाली धावत होती. आणि लालासाहेब, तोंडात स्क्रू-ड्रायव्हर धरून, माझ्या दुकानातल्या बाटलीचा कुंचला एका बारक्या स्क्रूवर टेकवत होता.

"ते काय करतायत?"

"यंत्र नीट जुळवलं की स्क्रू हलू नये म्हणून वर थेंब देतात. कुणी हात लावलाच तर रंग तुटतो, लगेच कळतं. एकेका यंत्रात असे तीस-चाळीस स्क्रू. बाबाही असंच करायचे." सरोज थांबली. "पण थेंबच लागतो हो. बाबांना एक बाटली चार वर्षं पुरली."

चार वर्षं. आणि यानं माझ्याकडून वर्षात अकरा नेल्या होत्या.

उरलेल्या बांगड्या मी कशा भरल्या ते सांगता येणार नाही. लोण्यातून जाव्यात तशा गेल्या. भरून झाल्यावर नवरीनं कासाराच्या पाया पडायची रीत आहे. सरोज माझ्यापुढं वाकली आणि मी लाजेनं अर्धी झाले. जिच्या नावानं वर्षभर बोटं मोडली, तिनं माझ्या पायांना हात लावला.

"सुखी राहा," मी म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं.

अण्णा जेवायला बसल्यावर मी सोप्यात गेले. तो यंत्राला गोणपाट गुंडाळत होता.

"अकरा बाटल्या," मी म्हटलं.

त्याचा हात थांबला.

"दहा तशाच हायेत. खोलीत. थेंब बी काढला न्हाई."

"मग वाळलेली कशी कळली?"

"ती... तुमी झाकण न उघडता दिली म्हणून उघडून बघितली. राग आल्यालं दिसत होतं तोंडावर."

"मला आधी सांगायला काय झालं होतं? स्क्रूला लावतो म्हणून?"

"सांगितलं असतं तर एकाच बाटलीवर भागवाय लागलं असतं." तो पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला. "परत यायला कारण काय सांगायचं?"

दुसरी एखादी असती तर विरघळली असती. मी भडकले. "वर्षभर मी जळतीय, आन् तुमी मजेत बाटल्या साठवताय? आता बसा बघत! जाताना अण्णा इस्लामपूरला उतरणार हायेत. माझं ठरवायला."

त्याचा चेहरा उतरला. "कवा?"

"पाचच्या गाडीनं," मी म्हटलं आणि तोंड फिरवून निघून आले. रडू येत होतं, ते त्याला दिसायला नको होतं.

सांगलीच्या स्टँडवर पाचची कराड गाडी खचाखच भरलेली. लग्नसराईच होती. आम्ही कशीबशी जागा मिळवली, तेवढ्यात तो धापा टाकत आला. पोटाशी ते यंत्र, गोणपाटातलं.

"आत जागा न्हाई, टपावर टाका," कंडक्टर म्हणाला.

"टपावर काच फुटंल, मास्तर."

"मग मागनं या. सातची गाडी मोकळी असती."

सातची! तोवर अण्णा इस्लामपुरात चहा पिऊन, शब्द देऊन मोकळे झाले असते. मी खिडकीतून बघत होते. तो एकदा यंत्राकडं बघत होता, एकदा माझ्याकडं. वर्षभराचे रविवार त्यानं त्या डब्यात घातले होते. मला तो डबा सरोजपेक्षाही मोठी सवत वाटला. नेणार तो तिलाच, मला खात्री होती. मी डोळे मिटून घेतले. घंटी वाजली, गाडी हलली.

डोळे उघडले तर बाहेर चहाच्या टपरीवरच्या बाकड्यावर यंत्र एकटं बसलेलं, आणि टपरीवाला बिराप्पा त्याच्याकडं संशयानं बघत होता. लालासाहेब आमच्या सीटपाशी उभा होता. दांड्याला धरून, रिकाम्या हातांनी.

अण्णांनी वर बघितलं. "आवं, तुमचं डबडं ऱ्हायलं खाली!"

"राहू द्या. बिराप्पाला सांगितलंय, उद्या नेतो." तो खाली वाकला. "अण्णा, आज तुमच्याशी बोलायचं हाय. इस्लामपूर यायच्या आत."

 सकाळच्या तीन बांगड्या अण्णांना आठवल्या असणार, कारण ते माझ्याकडं वळून बराच वेळ बघत राहिले.

"कुठली फाडू?" कंडक्टर चिमटा वाजवत आला. "कराड का इस्लामपूर?"

अण्णा तोंड उघडणार, एवढ्यात मीच म्हटलं, "कराड."

"कितीची?"

"दोन," अण्णा म्हणाले. मग घसा खाकरून, खिडकीबाहेर बघत, "ह्येंचं हे काढतील. आन् उभं का ऱ्हायलायसा? पेटी खाली घ्या, बसा हितं. काय बोलायचं ते सावकाश बोला, कराड लांब हाय अजून."

तो बसला. अण्णांच्या त्या बाजूला तो, या बाजूला मी. आष्टा येईपर्यंत त्यानं दोनदा मान वळवून मागं, सांगलीकडं, बाकड्यावर राहिलेल्या यंत्राच्या दिशेनं बघितलं.

"आठवण येतीय का तिची?" मी विचारलं.