विसरकाळ

दमयंती खाडिलकर यांना एकच गोष्ट दोनदा ऐकायचा मनस्वी कंटाळा होता. बैठकीत कोणी मागचा मुद्दा पुन्हा काढला, की "झालं ते" म्हणून त्या पुढच्या विषयाकडे वळत. पुण्याजवळ सुसच्या टेकडीवरच्या चांद्रसंपर्क केंद्रात त्यांनी बसवलेलं छाननीयंत्रही त्यांच्याच वळणावर गेलं होतं. एकदा आलेला निरोप दुसऱ्यांदा आला, की ते तो न उघडताच टाकून देई. गंमत अशी, की याच बाई रोज दुपारी माइकसमोर बसून चंद्रावरच्या निवेदिता गावितला न चुकता तीच वाक्यं ऐकवत: "गावित, जेवलीस का? अंगाला काही लागलं असेल तर लपवू नकोस."

"बाई, ती छाननी आधी तुम्हालाच लावायला पाहिजे," असं केंद्रप्रमुख नरहरी इंगवले सगळ्यांसमोर म्हणत, आणि बाई ते ऐकून न ऐकल्यासारखं करत.

त्या रविवारी मात्र कोणी कोणाची चेष्टा करत नव्हतं. गेल्या सोमवारी चंद्राच्या दक्षिण टोकाजवळच्या सातव्या ठाण्यावर एक उल्काखडा आदळला होता. खडा लिंबाएवढा असेल-नसेल, पण त्याने संपर्काचा खांब मोडला आणि ठाण्याची वीज गेली. ठाण्यात निवेदिता एकटी होती. मूळची ती धडगावकडची, यंत्रांची डॉक्टर म्हणून तिची ख्याती होती. बंद पडलेलं सातवं ठाणं चालू करायला ती तिकडे गेली होती आणि अकरा दिवसांपूर्वी तिने ते चालू केलंही होतं. सोमवारपासून तिचा एक शब्दही पुण्यात पोचला नव्हता.

आता इंगवल्यांना निर्णय घ्यायचा होता. चंद्रावरच्या मुख्य तळावरून सातव्या ठाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर संध्याकाळपासून सावली पसरणार होती. मदतगाडी निघायची तर आजच. ती चालवायला दोन माणसं तयार होती, पण सावलीत गाडी अडली तर ती दोघंही परत येणार नव्हती.

"जिवंत माणसासाठी मी दोघांचा जीव धोक्यात घालीन," इंगवले म्हणाले. ते साताऱ्याकडचे, आयुष्यभर गाड्या आणि रस्ते यांतच काम केलेले. "देहासाठी घालणार नाही. त्या दोघांच्या घरी मलाच फोन करायचाय. म्हणून बाई, मला एकदा सोपं करून सांगा. ती जिवंत असती तर आपल्याला कळलंच असतं, असं तुम्ही खात्रीने म्हणू शकता का?"

"म्हणू शकते," खाडिलकरबाई म्हणाल्या. बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण हातातलं पेन त्या उगाच उघडबंद करत होत्या. "आपले प्रत्येक ठाण्याशी दोन रस्ते आहेत. एक उजेडवाट. खांबावरून थेट, क्षणात. दुसरी सावलीवाट. ती दऱ्यांतल्या छोट्या टप्प्यांवरून येते. एकेका टप्प्यावर ऊन येऊन बॅटरी भरेपर्यंत निरोप तिथेच मुक्काम करतो. पोचायला पाच दिवस लागतात. दोन्ही वाटांत काहीही सामाईक नाही, ना वीज, ना यंत्रं. प्रत्येक निरोपाच्या दोन प्रती निघतात, एकाच क्रमांकाच्या. जोडप्रती. जी आधी येईल ती आपण ऐकतो. मागून येणारी छाननीयंत्र टाकून देतं. एक वाट तुटली तरी ऐकणाऱ्याला सांधा कुठे आहे तेसुद्धा कळत नाही."

"म्हणजे खांब मोडला तरी सावलीवाटेने ती बोलायला हवी होती."

"सोमवारी बोलली असती तर काल, शनिवारी, ऐकू आली असती. आपण रात्रीपर्यंत वाट पाहिली. काही आलं नाही." बाईंनी पेन पुन्हा बंद केलं. "मीच बांधलंय ते, इंगवले. ते चुकत नाही."

इंगवले उठून खिडकीपाशी गेले. मुख्य तळाला काय सांगायचं हे त्यांच्या पाठीवरूनही कळत होतं. खाडिलकरबाईंचा सहकारी सुभान तांबोळी खाली मान घालून बसला होता. तो बार्शीचा, एरवी बडबड्या. निवेदिताला त्यानेच शिकवून वर पाठवलं होतं.

आता सातव्या ठाण्याची नोंद बंद करायची, म्हणून बाईंनी पडद्यावर ती ओळ उघडली. ऐकलेले निरोप, शेवटची वेळ, आणि अगदी कडेला एक आकडा: टाकलेल्या प्रती. या आकड्याकडे केंद्रात कोणी कधी पाहिलेलं नव्हतं. कचऱ्याची टोपली कोण मोजतं? बाई बंद करायची कळ दाबणार, तोच तो आकडा एकाने वाढला.

"सुभान, इकडे ये."

"मागच्या जोडप्रती असतील मॅडम," सुभान म्हणाला. "सावलीवाटेवर अडकलेल्या. येत राहत्यात की."

"तिचा शेवटचा निरोप उजेडवाटेने कधी आला?"

"सोमवारी दुपारी."

"म्हणजे त्याची जोड काल दुपारी आली असणार. बघ."

सुभानने नोंद पाहिली. शेवटच्या निरोपाची जोडप्रत शनिवारी दुपारी आली होती आणि रीतसर टाकली गेली होती. त्यानंतर सातव्या ठाण्याकडून टाकण्याजोगं काही उरलंच नव्हतं. तरी काल रात्रीपासून यंत्र काहीतरी टाकत होतं.

"मग हे टाकतंय तरी काय?" इंगवल्यांनी विचारलं. ते केव्हा मागे येऊन उभे राहिले ते कोणाला कळलं नव्हतं.

 खाडिलकरबाईंनी पेन टेबलावर ठेवलं.

"तिसरी प्रत," त्या म्हणाल्या. "वीज गेली. परत आली. तिचं यंत्र नव्याने उठलं आणि त्याने क्रमांक एकपासून सुरू केले. पहिला निरोप, दुसरा, तिसरा. आपल्याकडे हे क्रमांक अकरा दिवसांपूर्वीच येऊन गेलेत. ते विसरायला आपल्या यंत्राला वीस दिवस लागतात. तो विसरकाळ मीच ठरवलाय, सावलीवाटेची उशिरा येणारी प्रत पुन्हा नवी समजली जाऊ नये म्हणून. ती बोलतेय, इंगवले. आणि माझं यंत्र म्हणतंय, हे ऐकलंय, पुढे चला."

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज चिरकला. असं कधी झालेलं कोणी ऐकलं नव्हतं.

इंगवले मात्र सहजासहजी हुरळणारे नव्हते. "बाई, यंत्र उठलं म्हणजे माणूस उठला असं नाही. ते आपलं आपणच बडबडत नसेल कशावरून?"

"नाही बडबडत. नव्याने उठलेल्या यंत्राने विसरकाळ संपेपर्यंत गप्प राहायचं, असा नियम आहे. हाच गोंधळ होऊ नये म्हणून. तुम्हीच तेव्हा भांडला होतात, की अडचणीतल्या माणसाने वीस दिवस तोंड दाबून बसायचं का? म्हणून माणसं राहतात त्या ठाण्यांवर आपण मौन तोडायची कळ बसवली. बोलणाऱ्याचं मौन तोडलं, ऐकणाऱ्या यंत्राने जुने क्रमांक विसरायचं मात्र राहून गेलं. आपल्या दोघांनाही सुचलं नाही ते. पण ती कळ हाताने दाबावी लागते."

"हाताने," इंगवले म्हणाले.

"कोणाच्या तरी हाताने."

इंगवल्यांनी तिथूनच मुख्य तळाला गाडी काढायला सांगितलं. मग ते बाहेर जाऊन गाडीवरच्या दोघांच्या घरी फोन करत बसले. सुभानने सातव्या ठाण्यापुरती छाननी बंद केली, म्हणजे यापुढचा निरोप टाकला जाणार नव्हता. टाकलेले मात्र गेले ते गेलेच. त्यांत ती काय बोलली होती, हे आता कोणालाच कळणार नव्हतं.

सोमवारी दुपारी पहिला आवाज आला. थोडा खरखरत, पण तिचाच. सुभान खुर्चीतून अर्धा उठला.

"बाई, आज बुधवार. मी बरी आहे. तुमचं रोजचं ऐकू येतंय, जेवलीस का ते. पण माझ्या बोलण्याला तुम्ही उत्तर देत नाही. माणसं पाठवताय का नाही तेवढं सांगा ना. माझ्या गाडीची बॅटरी थंडीने उतरत चाललीय. शुक्रवारनंतर ती हलणार नाही. तोपर्यंत काही कळलं नाही तर शुक्रवारी सकाळी मी निघते. गाडी जाईल तिथपर्यंत गाडीने, पुढे पायी."

पायी म्हणजे काय, हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. पाठीवरच्या टाकीत एका दिवसाची हवा असते. तळ त्याच्या कितीतरी पुढे. आणि शुक्रवार होऊन तीन दिवस उलटले होते.

"रोजचं ऐकू येतंय म्हणजे काय?" सुभान म्हणाला. "मॅडम, गेल्या सोमवारपासून आपण तिला जेवलीस का म्हणून विचारलंच नाही. नुसतं 'गावित, बोल' म्हणून ओरडत होतो. आणि तेही तिच्याकडं शनिवारीच पोचलं असणार."

"डोक्याला मार बसला असेल," इंगवले हळू म्हणाले. "माणसाला एकटेपणात काहीबाही ऐकू येतं." त्यांनी पाठवलेली मदतगाडी आता सावलीत शिरली होती. रिकाम्या ठाण्यासाठी दोन माणसं आपण अंधारात लोटली, हे त्यांच्या मनात घोळत होतं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. गाडी परत बोलवायची वेळ अजून गेलेली नव्हती.

"उद्यापर्यंत थांबा," खाडिलकरबाई म्हणाल्या.

"कशाच्या भरवशावर?"

"माहीत नाही. थांबा एवढंच म्हणतेय."

पंचवीस वर्षांत बाईंनी 'माहीत नाही' म्हटल्याचं इंगवल्यांना आठवेना. ते थांबले.

मंगळवारचा आवाज दुपारच्या सुमारास आला. तो गुरुवारी बोललेला होता आणि त्यात चक्क हसू होतं.

"बाई, मिळाला तुमचा निरोप. हलू नकोस म्हणालात, माणसं येतायत म्हणालात. आता काही हलत नाही मी. सामान बांधलं होतं, परत सोडलं. हवा आहे भरपूर. येऊ द्या त्यांना सावकाश."

इंगवल्यांनी सुभानकडे पाहिलं, सुभानने बाईंकडे. असा निरोप कोणीच दिला नव्हता. गुरुवारी तिच्यापर्यंत पोचायचा तर तो उल्का पडण्याच्याही आधी, गेल्याच्या आधीच्या शनिवारी, इथून निघायला हवा होता.

"त्या शनिवारी तिच्या गाडीचं चाक दगडांत अडकलं होतं," खाडिलकरबाई सावकाश म्हणाल्या. "आठवतंय? ठाण्याच्या दारातच. मी तिला म्हटलं, हलू नकोस, माणसं येतायत. तेव्हा वाट उन्हात होती, तळावरची दोघं एका दिवसात जाऊन चाक सोडवून आली. उजेडवाटेने तिने ते तेव्हाच ऐकलं होतं. त्याची जोडप्रत मागून येत होती, सावलीवाटेने, मुक्काम करत करत."

"आणि तिच्याकडचं छाननीयंत्र ती टाकणार होतं," सुभान म्हणाला.

"टाकलीच असती. पण वीज गेली तेव्हा तेही नव्याने उठलं. त्याला काही आठवत नव्हतं. उल्केच्या आदल्या पाच दिवसांत मी जे जे बोलले ते सगळं तिच्याकडे पुन्हा नवं म्हणून पोचलं. रोज एक." बाईंनी चष्मा काढला. "इथे आपण विसरलो नाही म्हणून ती आपल्याला ऐकू आली नाही. तिथे ते विसरलं म्हणून मी तिला ऐकू येत राहिले."

"पण तिला कळलं कसं नाही, की हे जुनं आहे?"

"आवाज येत होता, म्हणून उजेडवाट चालू आहे असंच तिला वाटलं असणार. आणि मी रोज तेच बोलते, इंगवले," बाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगत असता ना."

बुधवारी गाडी सातव्या ठाण्यापाशी पोचली. दार आतून उघडलं गेलं. गाडीवरच्या संपर्कातून, मुख्य तळामार्फत, निवेदिताचा आवाज आला तेव्हा खोलीत बसायला जागा नव्हती. बाजूच्या कचेऱ्यांतलेही लोक येऊन उभे राहिले होते.

"बाई, आली माणसं. उशीर केला हं पण."

खाडिलकरबाईंनी माइक जवळ ओढला. थातुरमातुर बोलणं त्यांना जमत नसे, आजही जमलं नाही. "गावित, ऐक. हलू नकोस हे मी तुला त्या चाकाच्या वेळी सांगितलं होतं. ती जुनी प्रत होती. उल्का पडल्यावर माणसं येतायत असं मी तुला सांगितलंच नाही. तुझं बोलणं इथे पोचत होतं आणि माझं यंत्र ते फेकत होतं. शनिवारी रात्री आम्ही तुला गेलेली धरलं. मीसुद्धा. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये."

चंद्रावरून उत्तर यायला दोन-तीन क्षण लागतात. 

"पण माणसं तर आली ना, बाई," निवेदिता म्हणाली. मग रोजच्या सवयीने तिने पुढचं सांगितलं. "आणि जेवले मी. अंगालाही काही लागलेलं नाही."

खाडिलकरबाईंनी माइक तसाच धरून ठेवला. सुभानला वाटलं बोलणं संपलं, म्हणून तो बटणाकडे हात नेऊ लागला. बाईंनी त्याचा हात धरून बाजूला केला.

"गावित," त्या म्हणाल्या, "परत सांग."

निवेदिताने परत सांगितलं, आणि बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.