मागून येणारा ठोका

कान तपासणाऱ्या बाई त्या दिवशीही नेहमीच्या वेळेला दवाखान्यात आल्या. पर्स खुंटीला अडकवली आणि खुर्चीत टेकता टेकता स्वतःच्याच छातीला म्हणाल्या, "झालं का सुरू?"

सुरू होतंच. ते बंद कधी असायचं? धड-धड, धड-धड, आणि मध्येच एक ठोका गायब. अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं पोटात धस्स व्हायचं. मग पुढचा ठोका असा दणक्यात यायचा, की थेट घशात जाणवायचा. उशीला कान लावला की उशीत तेच. फोनवर कुणी बोलत असलं की त्याच्या शब्दांच्या फटींतून तेच.

हृदयाच्या डॉक्टरांनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या तपासण्या करून झाल्या होत्या. "हृदय ठणठणीत आहे. तुम्ही तिकडे लक्ष देऊ नका."

"मी कुठे देते? तेच घेतंय माझं लक्ष," बाई म्हणाल्या होत्या.

नवरा म्हणायचा, "अगं, सगळ्यांचंच धडधडतं. थांबलं की काळजी करायची." सासूबाई सगळं खापर चहावर फोडायच्या. बहीण फोन करून दीर्घ श्वास घ्यायला शिकवायची आणि स्वतःच धापा टाकायची. सल्ले ऐकून ऐकून बाईंचे कान किटले होते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय!

दुपारी एक निवृत्त बसड्रायव्हर आले, बायकोला घेऊन. जन्मभर इंजिनाशेजारी बसून त्यांचे कान गेले होते.

"यांना दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नाही," काकू म्हणाल्या. "माझं तर आधीही येत नव्हतं, पण ते वेगळं."

बाईंनी काकांना तपासणीच्या खोलीत बसवलं. खोली कसली, मोठं कपाटच. भिंतींना जाड काळा फोम, रबराचा आणि कोंदट गालिच्याचा वास. जड दार लागलं, की बाहेरचं जग पुसून टाकल्यासारखं व्हायचं. हेडफोनमध्ये आवाज आला की काकांनी बटण दाबायचं, आणि बाहेर बाईंच्या यंत्रावर दिवा लागायचा. काचेतून ते एकमेकांना दिसत होते.

बाईंनी अजून यंत्राला हातही लावला नव्हता, तोच दिवा लागला. विझला. पुन्हा लागला.

बाईंनी वैतागून दार उघडलं. मोठ्याने म्हणाल्या, "काका, आवाज आला की मगच दाबायचं!"

"मग काय करतोय?" काका तितक्याच मोठ्याने म्हणाले.

दार लावून बाई परत बसल्या. दिवा पुन्हा लागायला लागला. आता त्यांनी एक हात छातीवर ठेवून नीट पाहिलं. छातीत ठोका, दिवा. ठोका, दिवा. मग तो ओळखीचा खड्डा आला... दिवाही लागला नाही. मग छातीत दणका बसला, आणि त्याच क्षणी दिवा.

खऱ्या तपासणीत काकांना मोठमोठे आवाजही ऐकू आले नाहीत. ते बाहेर आल्यावर बाईंनी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारलंच, "काका... तुम्ही मघाशी कशाला बटण दाबत होतात?"

"ते चालतंय ना, त्याला." काकांनी बोट बाईंच्या दिशेने केलं. "दोन आहेत. पुढचं सरळ चालतं. दाबत होतो मी मागच्याला. ते मध्येच थांबतं... कानोसा घेतल्यासारखं. आणि मग धावत येऊन गाठतं."

"ह्यांचं काही मनावर घेऊ नका," काकू म्हणाल्या आणि काकांना दंडाला धरून घेऊन गेल्या.

बाहेर लख्ख ऊन होतं. रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. बाई उठल्या, त्या खोलीत शिरल्या आणि दार ओढून घेतलं.

आधी काहीच नाही. मग त्यांचा स्वतःचा ठोका, मऊ, एका लयीत. आणि त्याच्या मागे, पावलावर पाऊल टाकावं तसा... दुसरा. तो थांबला. पहिला मात्र चालत राहिला. इतके महिने आपलं हृदय चुकतंय म्हणून त्या रडल्या होत्या. ते बिचारं एकदाही चुकलं नव्हतं.

भीती वाटायला हवी होती. पण बाईंना संतापच आला. झोप गेली होती, कामातलं लक्ष उडालं होतं, घरच्यांनी भित्री ठरवलं होतं.

"काय लावलंय हे?" त्या ओरडल्या. "मागे मागे काय करतोस? एक तर पुढे हो, नाहीतर निघ!"

फोमने त्यांचा आवाज गिळून टाकला. मग दोन्ही ठोके थांबले. एक श्वास... दोन श्वास...

मग एकच सुरू झाला.

बाई धडपडत बाहेर आल्या आणि दार लावून घेतलं. छातीत काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. त्या रात्री त्या लहान मुलासारख्या झोपल्या.

घरात श्रेयावरून चढाओढ लागली. सासूबाई म्हणाल्या, चहा सोडल्याचा गुण. नवरा म्हणाला, मी सांगतच होतो. बहिणीने आणखी एक श्वास शिकवला. बाईंनी हात जोडले. भांडायला आता कारणही उरलं नव्हतं.

काही दिवसांनी काका कानाचं यंत्र बसवून घ्यायला आले. बाईंनी ते त्यांच्या कानात नीट बसवलं, आवाज जुळवला.

"येतंय का ऐकू?"

"व्वा! स्वच्छ!" काकांचा चेहरा फुलला. काकूही हसल्या. मग काका बाईंकडे बघत राहिले, आणि त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

"ताई... पुढचं कुठे गेलं?"

"कुठलं पुढचं?"

"आता मागचं एकटंच चालतंय." त्यांनी मान कलती केली, जरा वेळ ऐकलं, आणि बाईंनी त्या दिवसापासून न उघडलेल्या तपासणीच्या खोलीकडे सावकाश वळले. "आत कुणी बसलंय का हो? दार वाजवल्यासारखं येतंय... फार दमलंय पण."

बाई उठल्या. त्यांनी दाराच्या मुठीला हात घातला. आणि कितीतरी दिवसांनी छातीत धडधडायला लागलं, इतकं जोरात की काकांनी कानातलं यंत्र ओढून काढलं.

बाईंना दार उघडायचं होतं. घाबरलं होतं ते छातीतलं दुसरंच कुणीतरी. आणि त्यांचा हात मुठीवरून मागे सरकत होता.