नाहिदाची अकरा पानं

ईदच्या तिसऱ्या दिवशी नाहिदा बैदूनच्या कादंबरीची शेवटची अकरा पानं तिच्या मॉन्ट्रियलच्या घरातून, स्वयंपाकघरातल्या टेबलावरून नाहीशी झालेली आढळली. हातानं लिहिलेली, दुसरी प्रत नाही. उद्या सकाळी ती प्रकाशकाला द्यायची होती.

"असलं एकदाच लिहिता येतं," ती म्हणाली.

खासगी गुप्तहेर वहीब शम्मासनं टेबलावरची चारशे पानं चाळली. ती जागची हलली नव्हती.

"ही अरबीत. आणि ती अकरा?"

"फ्रेंचमध्ये. पहिल्यांदाच." तिनं नजर वळवली.

वहीबचा सहकारी फादी यानं गुन्हेगार केव्हाच ठरवून टाकला होता. काल ईदच्या भेटीला आलेला लेखक नासिफ आजही समोर बसून कॉफी पीत होता.

"मी कशाला चोरू? हिचा शेवट रडका असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे," नासिफ म्हणाला. "शिवाय हिंदखालांनी मला खुर्चीतून उठू दिलं तर ना. नुसतं वाढत होत्या."

हिंदखाला, म्हणजे नाहिदाची मावशी, फ्रेंच वर्तमानपत्राच्या बोळ्यानं खिडकीची काच पुसत होती. अरबी वर्तमानपत्रं कपाटावर नीट घडी घालून ठेवलेली होती. तीस वर्षं इथं काढूनही तिला फ्रेंच वाचता येत नव्हतं.

"मला काय विचारतोस, बाळा? मी काल दिवसभर खजूर भरलेले गोड मामूल भाजत होते. खालच्या मजल्यावरच्या सलमाचं ताट परत द्यायचं होतं."

"रिकामं दिलंत?"

"माझ्या आईनं मला तसं वळण लावलेलं नाही."

वहीब हसला. "खाली चला सगळे."

"म्हणजे सलमा चोर?" फादीनं विचारलं.

"चोर कुणीच नाही. मत्सरानं चोरणारा चारशे पानं सोडून अकराच कशी नेईल? गेले ते फक्त फ्रेंच कागद. अरबी कागदावर खाला खाणं ठेवणार नाहीत, न जाणो त्यावर अल्लाहचं नाव असायचं. फ्रेंच कागद त्यांच्या लेखी काच पुसायचा. आणि तुपकट मामूलांखाली काहीतरी घालायला हवंच ना?"

हिंदखालाच्या हातातला बोळा गळून पडला.

सलमानं दार उघडलं तेव्हा पानं तिच्या हातातच होती आणि डोळे लाल झाले होते. "मामूल संपत आले तशी वाचत गेले. नाहिदा, हिंदवर काय लिहिलंयस गं."

"माझ्यावर?" हिंदखाला पुढे झाली. "मग मला वाचता येत नाही त्या भाषेत का?"

नाहिदानं मान खाली घातली. "युद्धात तू 'माझं जेवण झालंय' म्हणून मला वाढायचीस. ते खोटं मला तेव्हाच कळत होतं, हे तुला कळू नये म्हणून."

हिंदखालानं तुपाचे डाग पडलेली पानं ओढणीनं पुसून भाचीच्या हातात दिली आणि सलमाच्या कोचावर बसली.

"उद्या सकाळपर्यंत वेळ आहे. वाच. आपल्या भाषेत वाच."