सुधारलेलं दार

“आपलं लाकडी घर पुराला, वाऱ्याला, कशालाच दाद देत नाही. मी जातीने उभं राहून बांधून घेतलंय,” असं मामाने जाहीर केलं आणि चिखलात रुतलेल्या जीपला धक्का मारायला तिन्ही भाचरांना खाली उतरवलं.

आठवडाभर पाऊस कोसळला होता. नदीकाठचं ते घर ठीक आहे ना, एवढंच बघायचं होतं. चार वाजता अकरा पाहुणे राहायला येणार होते आणि आताच अडीच झाले होते.

घर खांबांवर उभं होतं, मागचा व्हरांडा थेट नदीवर. मामाने पायरीशी बूट काढून दाराला बोट लावलं आणि दार उघडलं. गेली सहा वर्षं हे दार लाथेशिवाय उघडत नसे.

“बघा, पावसाने दारसुद्धा सुधारलं,” मामा खूश होऊन म्हणाला.

राखणदारकाकांनी सांगितलं की ते रोज जमीन पुसतात आणि आत पाण्याचा थेंब नाही. घर तपासायचं ते आतूनच, असा दोघांचा दंडक होता. तपासणी आटोपून काका व्हरांड्यात आडवे झाले.

थोरल्या भाचीला घरात ‘शंका’ म्हणत. तिला चैन पडेना. पावसात लाकूड फुगतं, मग दार आणखी अडकायला हवं होतं. तिने ते तीनदा उघडलं, तीनदा लावलं. शेवटी धाकट्या दोघांना घेऊन ती बाहेर गेली आणि तिघं चिखलात पालथी पडून घराखाली डोकावली.

मागच्या दोन खांबांखालची माती पुराने नेली होती. उंच बाकावर बसलेल्या पोराच्या पायांसारखे ते खांब हवेत लोंबत होते. घर मागे झुकलं होतं, म्हणूनच दाराची चौकट सैल झाली होती. वर काका घोरत होते.

मामाने ऐकून घेतलं. खांब पाच फूट खोल पुरलेत, नवी पँट घालून मी चिखलात लोळणार नाही आणि पाहुण्यांसमोर काही बरळू नका, असं तीन वाक्यांत त्याने प्रकरण मिटवलं. सव्वातीन झाले.

“खांबासाठी तो वाकणार नाही,” मधला भाचा भोपू म्हणाला. “बुटासाठी?”

शंकाने काठीने मामाचा डावा बूट घराखाली ढकलला, अगदी लोंबत्या खांबापर्यंत.

मामा टॉर्च घेऊन पालथा पडला. पोरं वाया गेलीत, आईबापांनी लाडावून ठेवलीत, असं सुरू असताना त्याची वाचा अर्ध्या वाक्यात बसली. 

मग बाहेर येऊन कुजबुजला, “काकांना उठवा. दारातूनच हाक मारा. आणि त्यांना म्हणावं, आळस देऊ नका.”

काका चवड्यांवर चालत बाहेर आले. पाहुण्यांचा फोन लागेना, म्हणून मुलं वळणापर्यंत धावत गेली आणि त्यांची बस तिथेच अडवली; मामा आणि काकाही मागोमाग आले. चार वाजून पाच मिनिटांनी, सगळ्यांच्या देखत, व्हरांडा कडाकडा मोडून नदीत गेला.

 मग मामाने चिखलाचा हात शंकाच्या डोक्यावर ठेवला. “घर मी बांधलं,” तो म्हणाला, “पण बघितलं तुम्ही.”

पाहुण्यांतल्या आजोबांनी तिघांची पाठ थोपटली. आजींनी शंकाला जवळ ओढलं, कौतुकाने तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

“बाळ, तीन तास बसमध्ये बसलेय गं. इथे कुठे बाथरूम आहे का?”