पेवातली ओ

सन १९४३ च्या वैशाखात आम्ही उभयता सांगलीहून हरिपुरास गेलो, ते केवळ सोंडकिडे आणण्यासाठी. माझे यजमान महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवीत. धान्यातल्या या किड्याच्या देहात त्याहून सूक्ष्म जंतू पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून असतात, असे ते सांगत.

"उष्णता देऊन जंतू मारले, की किडा फिकट पडतो, दुबळा होतो," टांग्यात ते म्हणाले. "कोण कोणाच्या आधाराने जगते, हे सांगणे कठीण."

दादासो पाटलांचे ज्वारीचे पेव गावाबाहेर होते. जमिनीत खोल खणलेले, अरुंद तोंडाचे. आधी कंदील सोडला. तो जळत राहिला. मग कमरेला दोर बांधून हे उतरले. आंबूस, उबट वास वर आला.

"बाईसाब, म्या दोर धरतो. तुमी सारकी हाक मारा," दादासो म्हणाले. "पर नावानं. आमचा गडी कोंडीबा हितंच गुदमरला, वरीस न्हाई झालं. नुसतं अहो म्हनशीला, तर आत असंल त्यो ओ दील."

"यांचे नाव मी कसे घेऊ?"

"मॅट्रिक झालायसा न्हवं? मग लाजतासा कशापायी?"

मी 'अहो' अशीच हाक मारली. दोनदा यांची ओ आली. तिसऱ्या वेळी कंदील विझला.

"अहो...!"

बऱ्याच वेळाने खालून ओ आली. जाड, घोगरी.

वर ओढले तेव्हा अंग गार होते, नाडी लागत नव्हती. मग छाती हलली.

घरी आल्यावर यांनी सूक्ष्मदर्शकाकडे पाहिलेही नाही. मुठीमुठीने कच्ची ज्वारी खात. मला 'आवं' म्हणत. तिसऱ्या दिवशी मी बिराप्पा देवऋषीला बोलावले. त्याने अंगारा लावताच यांची नखे पांढरी पडली, श्वास तुटू लागला आणि तो घोगरा आवाज पुटपुटला, "काढू नगासा, बाई... म्या हाय म्हून ह्यो जितो हाय."

मला तो फिकट किडा आठवला. पाया पडून मी बिराप्पाला परत पाठवले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी एकटीच हरिपुरास गेले. पेवाच्या तोंडाशी ओणवी झाले आणि उखाण्यावाचून प्रथमच ते नाव उच्चारले.

"वामनराव..."

खालून तत्काळ ओ आली. स्वच्छ, ओळखीची.

"किती वेळ लावलास..."

घरी परतले, तो हे दारातच उभे.

"नाव घेतलंसा न्हवं? आता त्यो येनार. मग म्या कुटं जाऊ...?"

तो आंबूस वास अगदी जवळ आला.

"तुमच्यात जागा हाय का, बाई...?"

मी होकारार्थी मान हलवली.

दिवेलागणीला यजमानांनी चहा मागितला. त्यांना काहीच स्मरत नव्हते. पुढे सव्वीस वर्षे ते सुखाने जगले.

मी मात्र तेव्हापासून बोलणे टाळते. हेही लिहूनच सांगते आहे. शेजारी कोणी 'अहो' अशी हाक मारली, की मी पदराचा बोळा तोंडात घट्ट धरते.